होडीवरील ओली राळ

तंजावरच्या उत्तरेस दहा-बारा किलोमीटरांवर, कावेरीच्या काठी, तिरुवैयारु हे गाव वसले आहे. पाच नद्यांचे पवित्र स्थान, असा त्या नावाचा अर्थ सांगतात. त्यागराजांची समाधी तेथे असल्यामुळे संगीताच्या रसिकांना ते ठाऊक आहे. आणि सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८५५ पर्यंत त्या प्रांतावर भोसले घराण्याची सत्ता असल्याने मराठी माणसालाही ते अगदी परके वाटत नाही. उन्हाळ्यात तेथील कावेरी म्हणजे वाळूचे रुंद पात्र असते. पुढे १९३४ साली पुरे झालेल्या मेट्टूर धरणातून पाणी सुटले, की तीच नदी दोन्ही काठ भरून वाहू लागते.

या प्रदेशाला नौकांची कला नवी नाही. कावेरीवर बांबूच्या विणलेल्या कामट्यांची, गोल टोपलीसारखी ‘परिसल’ चालत आली आहे. चोळमंडलाच्या किनाऱ्यावर ओंडके एकत्र बांधून केलेले कट्टुमरम आणि काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून केलेली मसुला नाव, ही दोन्ही वाहने शतकानुशतके लाटांशी झुंजत आली. इकडे कोकणात आणि गोव्यात फळीला फळी भिडवून, सांध्यांत कापूस ठासून, त्यावर राळ आणि तेल यांचा लेप देण्याची रीत होती. साहित्य वेगळे, कारागीर वेगळे. परंतु प्रश्न सर्वांचा एकच होता. लाकूड पाण्यात फुगते, उन्हात आकसते, त्याचे सांधे उघडतात आणि उघडलेल्या सांध्यातून पाणी आत शिरते. त्या पाण्याला अडवायचे कसे?

विसाव्या शतकाने या प्रश्नाला एक नवे उत्तर दिले. १९३० च्या दशकाच्या अखेरीस स्वित्झर्लंडमध्ये पिएर कास्तान या रसायनज्ञाने एपॉक्सी जातीची कृत्रिम राळ सिद्ध केली. त्याच सुमारास अमेरिकेत काचेचे केसासारखे बारीक तंतू काढून त्यांचे कापड विणण्याचा धंदा उभा राहिला. लाकडाच्या पातळ पट्ट्या एपॉक्सीने एकमेकींस चिकटवायच्या, सारे लाकूड त्याच राळेने माखायचे आणि वरून काचतंतूंचे कापड पसरून तेही राळेत भिजवायचे, अशी ही पद्धत आहे. अमेरिकेतील मिशिगन प्रांतातल्या गूजन बंधूंनी १९७० साली या रीतीने एक मोठी शिडाची नौका बांधली, आणि त्यानंतर हौशी नौकाबांधणाऱ्यांत या पद्धतीचा प्रसार वेगाने झाला.

आपल्याकडे या पद्धतीचे सर्वांत ठळक उदाहरण गोव्यात आहे. मांडवी नदीतील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात भारतीय नौदलासाठी ‘म्हादेई’ ही ५६ फूट लांबीची शिडाची नौका बांधली गेली आणि २००९ च्या आरंभी ती नौदलाच्या हाती आली. तिच्या अंगाचा गाभा लाकडाचा आणि आवरण काचतंतूंचे आहे. व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांनी एका भारतीयाने एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी, असा ध्यास घेतला होता; तो कमांडर दिलीप दोंदे यांनी याच नौकेतून २००९-१० मध्ये पुरा केला. पुढे २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी वाटेत कोठेही न थांबता, १५१ दिवसांत, हीच प्रदक्षिणा केली. ज्या आवरणाने दक्षिणेकडील महासागराचे तडाखे सोसले, ते मुळात दोन पातळ द्रवांच्या मिश्रणातून निर्माण झालेले असते, ही गोष्ट ध्यानी घेण्यासारखी आहे.

परंतु हेच दोन द्रव कधीकधी मुळीच घट्ट होत नाहीत. एखाद्या हौशी माणसाने घराच्या पडवीत महिनोन्‌महिने खपून छोटी होडी उभी केलेली असते. काचकापड पसरून, राळ लावून तो समाधानाने झोपी जातो. सकाळी हात लावून पाहावे, तर बोट चिकटते. दुसऱ्या दिवशीही चिकटते, आठवड्यानेही चिकटते. अशा वेळी मनात पहिला विचार येतो, तो वरून आणखी एक चांगला थर देऊन मोकळे होण्याचा. वरचा थर कडक होतो, चकाकतो, आणि आतली चूक कोणाच्याही दृष्टीस पडत नाही. धोका नेमका तेथेच आहे. खालचा मऊ थर लाकडाला धरून नसतो. होडी पाण्यात वाकली, पिळली, दगडावर घासली, की वरचे कवच सुटू लागते, फटीतून पाणी शिरते आणि बंद कवचाखाली लाकूड गुपचूप कुजते. हे उघडकीस येते तेव्हा होडी बहुधा काठापासून दूर असते आणि तिच्यात माणसे बसलेली असतात.

ही चूक दुरुस्त करावयाची, तर ती का होते हे आधी समजले पाहिजे. सामान्य बोलण्यात राळ ‘सुकली’ असे म्हणतात. रंग सुकतो, कारण त्यातील पातळ द्रव उडून जातो. एपॉक्सीत तसे काही उडून जात नाही. तिचे दोन भाग असतात, एक राळ आणि दुसरा हार्डनर. राळेच्या प्रत्येक रेणूला बहुधा दोन टोकांना पकड घेणारे हात असतात, तर हार्डनरच्या रेणूला असे चार किंवा अधिक हात असतात. दोन्ही नीट मिसळले म्हणजे हातात हात गुंफले जातात आणि सर्व दिशांनी विणलेले एक अखंड जाळे तयार होते. फुगडी घालणाऱ्या मुलींनी एकमेकींचे हात घट्ट धरलेले असतात तोवर फेर टिकतो. एखादीचा हात रिकामा राहिला की फेर ढिला पडतो. राळेचेही तसेच आहे. जुळणी पुरी झाली नाही तर मागे राहिलेले सुटे रेणू त्या जाळ्याला मऊ आणि चिकट ठेवतात.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट निघते. घरोघरी व कारखान्यांतून वापरली जाणारी दुसरी एक राळ, पॉलिएस्टर, हिच्यात घट्ट करणारे द्रव्य शेकडा एक-दोन भाग एवढेच घालतात आणि ते थोडे वाढवले तर राळ लवकर घट्ट होते. एपॉक्सीचा हार्डनर मात्र नुसता चेतवणारा पदार्थ नसून तो जाळ्याचाच एक घटक आहे. म्हणून ‘थोडा हार्डनर जास्त घालू, म्हणजे लवकर घट्ट होईल’ हा पॉलिएस्टरवरचा अनुभव एपॉक्सीला लावणे म्हणजे बिघाडाला आमंत्रण देणे होय. जास्त घातलेल्या हार्डनरला जोडीदारच उरत नाही. त्याच न्यायाने, चिकट राहिलेल्या थरावर वरून नुसता हार्डनर चोपडण्याचाही काही उपयोग होत नाही.

बिघाडाची कारणे पाहू गेल्यास पहिले कारण मापाचे आहे. काही एपॉक्सींचे प्रमाण आकारमानाने दिलेले असते, काहींचे वजनाने. आणि हे दोन आकडे एकच नसतात. राळ हार्डनरपेक्षा जड असते. आकारमानाने दोनास एक हे प्रमाण वजनाने पाहिल्यास साधारण १०० भागांस ४२ भागांच्या आसपास येते. ज्याने दोनास एक हे प्रमाण तराजूवर तोलले, त्याने नकळत हार्डनर जास्त घातला. माप थोडे असले तर चूक मोठी ठरते. ३० ग्रॅम राळेला १२ ग्रॅम हार्डनर हवा असताना ३ ग्रॅम कमी पडला, तर एकचतुर्थांश हार्डनरच कमी झाला.

दुसरे कारण अपुऱ्या मिसळण्याचे. भांड्याच्या कडेला आणि तळाच्या कोपऱ्यात अमिश्रित राळ चिकटून राहते, आणि शेवटी भांडे निपटून लाकडावर ओतले की तेवढाच भाग कधीही घट्ट होत नाही. अशा वेळी होडीवर सर्वत्र नव्हे, तर ठिकठिकाणी चिकट डाग दिसतात. तिसरे कारण थंडी. या जुळणीचा वेग उष्णतेवर अवलंबून असतो. ढोबळ मानाने दर दहा अंश सेल्सिअसला तो दुप्पट होतो. तिरुवैयारुला किंवा रत्नागिरीला थंडीमुळे काम अडण्याचा प्रसंग क्वचित येतो; परंतु डिसेंबरच्या रात्री नागपुरात किंवा महाबळेश्वरी तीच राळ दिवसच्या दिवस मऊ राहू शकते.

चौथे कारण ओलावा. कावेरीच्या खोऱ्यात ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत ईशान्य मोसमी पाऊस पडतो, आणि कोकणात तर जून ते सप्टेंबर हवा पाण्याने भरलेलीच असते. अशा हवेत हार्डनरमधील द्रव्य हवेतील बाष्प व कार्बन डायऑक्साइड यांच्याशी संयोग पावते आणि घट्ट झालेल्या राळेवरही मेणासारखा तेलकट पापुद्रा येतो. हा पापुद्रा म्हणजे न जुळलेली राळ नव्हे. परंतु बोटाला तो तसाच लागतो आणि अनेकांची फसगत करतो. याखेरीज लाकूडच ओले असणे, राळ पातळ करण्यासाठी तिच्यात थिनर घालणे, दोन वेगळ्या कंपन्यांची राळ आणि हार्डनर एकत्र करणे, हीही कारणे आहेत. साठवलेली राळ थंडीत मधासारखी दाणेदार होते. ती भांड्यासकट गरम पाण्यात ठेवून पुन्हा नितळ झाल्यावरच वापरावी लागते.

आता परीक्षा. घाईने खरवडायला न लागता प्रथम कोमट पाणी आणि खरखरीत फडके घ्यावे व थोडी जागा घासून धुवावी. चिकटपणा गेला आणि खाली कठीण पृष्ठभाग लागला, तर तो केवळ पापुद्रा होता. सर्व होडी पाण्याने धुऊन, कोरडी करून, पॉलिश कागदाने घासून पुढचे काम चालू करता येते. धुण्याआधी मात्र पॉलिश कागद लावू नये, कारण त्याने तो मेणकट थर राळेतच घोळला जातो. धुऊनही चिकटपणा राहिला, परंतु तो सर्वत्र सारखा असला आणि माप बरोबर होते अशी खात्री असली, तर उष्णतेची परीक्षा करावी. होडीवर ताडपत्री घालून आतली हवा तीस-पस्तीस अंशांपर्यंत ऊबदार ठेवावी. मात्र उघडी आग आत ठेवू नये. दोन-तीन दिवसांत नखाची खूण उठेनाशी झाली, तर राळ केवळ मंदगतीने जुळत होती असे समजावे.

आठवडा उलटला, ऊब दिली, तरीही नख रुतते. किंवा चिकट डाग ठिकठिकाणी पसरले आहेत, असे झाले तर मात्र ती राळ आपण होऊन कधीही घट्ट होणार नाही. तिला काढून टाकणे हाच उपाय आहे. हा निर्णय जड जातो, कारण त्यामागे पैसा आणि महिन्यांचे श्रम असतात. परंतु एकदा तो घेतला म्हणजे काम वाटते तितके कठीण नसते. जी राळ धड जुळलेली नसते, तिची लाकडावरची पकडही धड नसते, आणि दुरुस्तीत हेच दुबळेपण उपयोगी पडते.

काढण्याचा क्रम असा. प्रथम काचकापडाची एक कड सुटी करावी. गरम हवा फेकणाऱ्या यंत्राने ती जागा सावकाश तापवावी. धूर निघेल किंवा लाकूड करपेल इतकी नव्हे, तर हाताला सोसवणार नाही एवढीच. राळ आणखी मऊ होते आणि कापड पट्टीपट्टीने ओढून निघते. जेथे ते घट्ट धरून बसते, तेथील राळ बहुधा चांगली जुळलेली असते. तेवढा भाग राहू द्यावा. मागे उरलेला चिकट थर धारदार खरवडणीने काढावा. पॉलिश कागद या टप्प्यावर निरुपयोगी आहे. तो क्षणात भरून जातो आणि अर्धवट जुळलेल्या राळेची धूळ अंगावर उडवतो. खरवडून झाल्यावर अ‍ॅसिटोनमध्ये किंवा स्पिरिटमध्ये भिजवलेल्या स्वच्छ फडक्याने पुसावे, फडके वरचेवर बदलावे, नाही तर तीच घाण पुन्हा पसरते. हे द्रव पेट घेणारे आहेत, तेव्हा तापवण्याचे यंत्र बंद करून ते दूर ठेवल्यावरच ही बाटली उघडावी आणि काम मोकळ्या हवेत करावे. पुसलेले लाकूड एक-दोन दिवस वाळू द्यावे आणि मगच जाड कागदाने घासून ताजे लाकूड उघडे करावे.

सगळा भाग काढला न जाता मध्येच एखादे ठिगळ काढले असेल, तर त्याच्या कडा सरळ न ठेवता घासून उतरत्या कराव्यात. आवरण १ मिलिमीटर जाड असेल तर निदान १२ मिलिमीटर रुंदीचा उतार असावा. नव्या कापडाला जुन्यावर पकड मिळते ती या उतारामुळे. राखलेल्या भागावर नाण्याने हलकेच ठोकून पाहावे. टणक आवाज आला तर आत पकड आहे, बद्द आवाज आला तर आत पोकळी आहे.

याहून गंभीर स्थिती सांध्यांची असते. वरच्या आवरणासाठी जी राळ भरली, तिच्याच खेपेतील राळ जर तळाच्या मुख्य लाकडाच्या किंवा बाजूंच्या फळ्यांच्या सांध्यांत भरलेली असेल, तर केवळ आवरण बदलून भागत नाही. सांध्यातून बाहेर आलेल्या राळेत नख रुतते का, हे पाहावे. त्याच खेपेने चिकटवलेले लाकडाचे तुकडे शिल्लक असतील तर ते हातोडीने फोडून पाहावे. सांधा खरा असेल तर लाकूड तुटते, राळ तुटत नाही. राळेतच सांधा उघडला तर होडीतील सांधेही उघडून पुन्हा चिकटवल्यावाचून गत्यंतर नाही.

पुन्हा राळ लावताना सावधगिरीचा पहिला नियम म्हणजे त्याच दिवशी, त्याच डब्यांतून, एका फळकुटावर आधी प्रयोग करणे. दुसरा नियम कंपनीने दिलेले प्रमाण वजनाचे की आकारमानाचे, हे वाचून त्याच रीतीने मोजणे आणि प्रत्येक खेपेची नोंद कागदावर करणे. तिसरा, निदान दोन-तीन मिनिटे कडा व तळ खरवडीत ढवळणे, आणि मग ते मिश्रण दुसऱ्या स्वच्छ भांड्यात घेऊन पुन्हा ढवळणे. या जुळणीत उष्णता बाहेर पडते. खोल भांड्यात ठेवलेले मोठे मिश्रण स्वतःच्याच उष्णतेने तापून धुमसू लागते. म्हणून उष्ण प्रदेशात थोडे-थोडे कालवावे आणि उथळ ताटलीत पसरून वापरावे.

वेळेलाही महत्त्व आहे. सकाळी उन्हाने लाकूड तापत जाते, त्यातील हवा प्रसरण पावून बाहेर पडते आणि ओल्या राळेत बुडबुडे उठतात. दुपार उलटल्यावर लाकूड निवू लागते, आतली हवा आकसते आणि राळ लाकडात ओढली जाते. म्हणून पहिला थर उतरत्या उन्हात द्यावा. परंतु नदीकाठी रात्री दव पडते, तेव्हा डोक्यावर छप्पर हवे आणि दव पडण्यापूर्वी थर आळून येईल एवढा अवधीही हवा. राळेत नीट भिजलेले काचकापड पारदर्शक होऊन जवळजवळ दिसेनासे होते. पांढरे ठिपके राहिले तर तेथे राळ पोचली नाही असे समजावे. पहिला थर थोडा चिकट असतानाच दुसरा दिला, तर दोन्ही थर रसायनाने एक होतात. तो पूर्ण घट्ट झाल्यावर द्यावयाचा, तर आधी धुणे आणि घासणे आवश्यक आहे. येथे एक भेद लक्षात ठेवावा. योग्य प्रमाणाचा, जुळत असलेला थर चिकट असणे वेगळे, आणि चुकीच्या प्रमाणाचा थर चिकट राहणे वेगळे. पहिल्यावर नवा थर चालतो, दुसऱ्यावर नाही. शेवटी, एपॉक्सीला सूर्यप्रकाश सोसत नाही. म्हणून वर रंगाचे किंवा ऊन अडवणाऱ्या व्हार्निशचे आवरण लागते, आणि पाण्यात सोडण्यापूर्वी होडीला निदान एक आठवडा विश्रांती द्यावी लागते.

होडीइतकीच काळजी अंगाची घ्यावयास हवी. न जुळलेली राळ आणि विशेषतः हार्डनर यांचा त्वचेला वारंवार स्पर्श झाला, तर काही माणसांना त्यांची कायमची अ‍ॅलर्जी जडते. पुढे थोडासा स्पर्शही पुरळ उठवतो आणि त्या माणसाला हे काम जन्मभर सोडावे लागते. म्हणून नायट्राइल रबराचे हातमोजे, पुऱ्या बाह्यांचे कपडे आणि घासताना तोंडावर धूळ अडवणारा मुखवटा, ही साधने ऐच्छिक समजू नयेत. हात अ‍ॅसिटोनने धुऊ नयेत, कारण ते राळेला कातडीत अधिक खोल नेते. साबण आणि पाणी पुरेसे आहे. खरवडलेली चिकट राळ आणि माखलेली फडकी नदीत टाकू नयेत. फडकी मोकळ्या हवेत पसरून वाळवावी. शिल्लक राहिलेली राळ व हार्डनर योग्य प्रमाणात मिसळून घट्ट झाल्यावरच कचऱ्यात टाकावीत.

१९६८-६९ मध्ये रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या इंग्रज खलाशाने एकट्याने आणि वाटेत न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून पहिलेपणाचा मान मिळवला. त्याची ‘सुहेली’ ही ३२ फुटी नौका मुंबईत सागवानाची बांधलेली होती. तिच्या फळ्यांचे सांधे जुन्या रीतीने भरलेले होते. चाळीस वर्षांनी गोव्याच्या ‘म्हादेई’ने नव्या रीतीने तोच समुद्र पार केला. जुन्या रीतीतला सांधा ढिला पडला, तर तो पाण्याच्या थेंबांनी बोलून दाखवत असे. नव्या रीतीत चकाकते कवच सारे झाकते आणि चूक मुकी राहते. म्हणूनच या नव्या पद्धतीत कारागिराच्या हातकसबाइतकेच त्याच्या प्रामाणिकपणाला मोल आहे. तराजूवरचे दोन-चार ग्रॅम, ढवळण्याची दोन मिनिटे आणि चिकट थर काढून टाकण्याचे धैर्य, एवढ्यावर होडीत बसणाऱ्या माणसांचे प्राण अवलंबून असतात. कावेरीचे पाणी असो, मांडवीचे असो वा समुद्राचे, ते आवरणाची चकाकी पाहत नाही. ते फक्त फट शोधते.